खटल्याऐवजी उपचार : कलम ६४-अ चा मार्ग कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही

इतर वाचकांनाही पुढचे विवेचन समजावे म्हणून आपल्या प्रश्नातील वस्तुस्थिती आधी थोडक्यात मांडतो. आपला मुलगा २२ वर्षांचा असून अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्याजवळच्या एका टेकडीवर तो दोन मित्रांसह बसलेला असताना पोलिसांनी पकडले आणि पंचनाम्यानुसार त्याच्या सॅकमधून सुमारे ६० ग्रॅम गांजा जप्त झाला. गुन्हा एनडीपीएस कायद्याच्या, म्हणजे ‘गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’ च्या, कलम ८(क) (अशा पदार्थांना सर्वसाधारण मनाई), २०(ब)(दोन)(अ) (अल्प मात्रेत गांजा बाळगणे) आणि २७ (सेवन) खाली नोंदला गेला आहे. जामीन मिळाला असून दोषारोपपत्रही दाखल झाले आहे. मित्रांपैकी एक १७ वर्षांचा आहे. आपल्याला दोन सल्ले मिळाले आहेत. एका नातेवाइकांचे म्हणणे असे की, व्यसनमुक्ती केंद्राचा दाखला आणून दिला की केस बंद होते. न्यायालयाच्या आवारातील एका परिचितांचे म्हणणे असे की, गुन्हा कबूल करून दंड भरावा आणि मोकळे व्हावे. यांपैकी काय करावे, हा आपला प्रश्न आहे.

माझे उत्तर असे की, मुलगा गांजाच्या अधीन झाला आहे की तो अधूनमधून ओढतो, हे सक्षम डॉक्टरांकडून तपासून घेतल्याखेरीज यांपैकी काहीही करू नये. कायद्याने उघडा ठेवलेला उपचाराचा दरवाजा केवळ व्यसनाधीन माणसासाठी आहे. जो व्यसनाधीन नाही त्याने तिथून जाण्याचा खटाटोप केला, तर पुढे तो त्यालाच महागात पडतो. मी बरीच वर्षे फौजदारी न्यायालयांत बचाव पक्षाकडून काम करतो आहे आणि या प्रकारच्या प्रकरणांत सर्वांत मोठे नुकसान या तपासणीपूर्वी घाईने घेतलेल्या निर्णयांमुळे होताना पाहिले आहे.

दंड भरून मोकळे होण्याचा सल्ला फार प्रचलित आहे आणि तो देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. अल्प मात्रेतील गांजासाठी कलम २०(ब)(दोन)(अ) खाली एक वर्षापर्यंत सश्रम कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कलम २७ खाली गांजाच्या सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. ज्या गुन्ह्यांची शिक्षा तीन वर्षांहून अधिक नाही, ते संक्षिप्त पद्धतीने चालवता येतात, त्यामुळे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर आरोपीला गुन्ह्याचा तपशील वाचून दाखवला जातो, ‘गुन्हा कबूल आहे का?’ असे विचारले जाते आणि ‘हो’ म्हटले की बहुधा त्याच दिवशी दंड भरून माणूस घरी जातो. घरच्यांना वाटते, सुटलो. प्रत्यक्षात रोजनाम्यावर दोषसिद्धी नोंदलेली असते. दंडाची रक्कम कितीही लहान असली तरी दोषसिद्धी ती दोषसिद्धीच. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात ती लिहावी लागते. ती दडवली तर दडवण्याचा ठपका वेगळा येतो, आणि त्याचे परिणाम काय होऊ शकतात हे सर्वोच्च न्यायालयाने अवतारसिंग प्रकरणात २०१६ मध्ये तपशीलाने सांगितले आहे. पुन्हा याच कायद्याखाली दोषी ठरल्यास कलम ३१ अन्वये कारावासाची कमाल मर्यादा दीडपट होऊ शकते. आपल्या मुलाला पुढे शिकायला अमेरिकेला जायचे आहे असे आपण लिहिले आहे. तिथल्या स्थलांतर कायद्यात अशा पदार्थांबाबतच्या गुन्ह्याची दोषसिद्धी हे प्रवेश नाकारण्याचे कारण आहेच, पण गुन्ह्याची रीतसर कबुली हेही कारण ठरू शकते. दहा मिनिटांत संपणाऱ्या कामकाजाची ही किंमत आहे, आणि ती आरोपीला कोणी सांगत नाही.

आता कलम ६४-अ. जी व्यक्ती व्यसनाधीन आहे, जिच्यावर कलम २७ खालील किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्याचा आरोप आहे, जी स्वेच्छेने शासनाच्या अथवा स्थानिक प्राधिकरणाच्या, किंवा त्यांनी मान्यता दिलेल्या, रुग्णालयात वा संस्थेत व्यसनमुक्तीचा वैद्यकीय उपचार घेऊ इच्छिते आणि तो उपचार प्रत्यक्षात घेते, तिच्यावर त्या गुन्ह्याबद्दल खटला चालवता येणार नाही, असे हे कलम सांगते. उपचार पूर्ण केला नाही तर हे संरक्षण काढून घेता येते, असे त्याच्या परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या अटीत, आहे. सध्याची व्याप्ती या कलमाला २००१ च्या दुरुस्तीने मिळाली. याच कायद्यातील कलम ३९ उपचाराचाच विचार करते, पण ते दोषी ठरल्यानंतर लागू होते. शिक्षा लगेच सुनावण्याऐवजी न्यायालय आरोपीच्या संमतीने त्याला उपचारासाठी सोडते, एक वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल मागवते आणि समाधान झाल्यास बंधपत्रावर समज देऊन मुक्त करते. दोन्ही कलमांची वकिलांकडूनही गल्लत होते, म्हणून हा फरक ध्यानात ठेवावा : ६४-अ मध्ये दोषसिद्धी होतच नाही, ३९ मध्ये ती झालेली असते.

मात्रेचा प्रश्न आपल्या प्रकरणात अडचणीचा नाही. गांजाची अल्प मात्रा १,००० ग्रॅमपर्यंत आहे आणि ६० ग्रॅम तिच्या बरेच खाली आहे. मात्र हे उत्तर वाचून इतर पालकांनी निर्धास्त होऊ नये, कारण चरसासाठी ही मर्यादा १०० ग्रॅम, हेरॉइनसाठी ५ ग्रॅम आणि कोकेनसाठी २ ग्रॅम आहे. शिवाय पुडीत भेसळ असली तरी वजन संपूर्ण मिश्रणाचे धरायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने हिरासिंग प्रकरणात २०२० मध्ये पक्के केले. त्यामुळे प्रत्यक्षात जेमतेम अर्धा ग्रॅम हेरॉइन असलेली सहा ग्रॅमची पुडी अल्प मात्रेबाहेर जाते आणि तिच्याबरोबर ६४-अ चा मार्गही बंद होतो. दोषारोपपत्रात कलम २७-अ, म्हणजे व्यापाराला पैसा पुरवणे, किंवा मोठ्या मात्रेच्या कटाचे कलम जोडलेले असेल तर त्या आरोपापुरते हे संरक्षण मिळत नाही. आपल्या प्रकरणात तसे कलम नाही, पण तिघांचा माल एकत्र मोजला आहे की प्रत्येकाचा वेगळा, हे पंचनाम्यात नीट पाहून घ्यावे.

खरा प्रश्न व्यसनाधीनतेचा आहे. कायद्याच्या व्याख्येनुसार व्यसनाधीन म्हणजे ज्याचे अशा पदार्थावर अवलंबित्व आहे तो. लघवीच्या तपासणीत गांजाचे अंश सापडले म्हणजे अवलंबित्व सिद्ध होत नाही. नियमित ओढणाऱ्याच्या लघवीत ते कित्येक आठवडे सापडू शकतात आणि त्यातून फक्त सेवन झाल्याचे कळते. मनोविकारतज्ज्ञ काय पाहतात? सेवनावर ताबा उरला आहे का, अभ्यास, खेळ, माणसे यांच्यापेक्षा ते वरचढ झाले आहे का, आणि शरीराला त्याची सवय जडून प्रमाण वाढवावे लागते का, किंवा थांबवल्यावर त्रास होतो का, या तीन अंगांनी ते विचारपूस करतात. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली ‘असिस्ट’ नावाची प्रश्नावली यासाठी वापरली जाते. गेल्या तीन महिन्यांत किती वेळा घेतले, तीव्र इच्छा किती वेळा झाली, त्यामुळे करायची कामे राहिली का, घरच्यांनी किंवा मित्रांनी कधी काळजी बोलून दाखवली का, कमी करायचा प्रयत्न फसला का, असे प्रश्न तिच्यात असतात. प्रत्येक पदार्थासाठी वेगळे गुण मिळतात. गांजासाठी ३ पर्यंत धोका कमी, ४ ते २६ मध्यम आणि २७ किंवा अधिक असल्यास तीव्र धोका व अवलंबित्वाची दाट शक्यता मानली जाते. मात्र ही फक्त चाळणी आहे आणि निदान डॉक्टरांनी मुलाखतीतून करायचे असते. माझ्या परिचयातील शासकीय रुग्णालयातील एक डॉक्टर विद्यार्थ्यांना नेहमी विचारतात, ‘सुट्टीत घरी असताना पंधरा दिवस काय करतोस?’ एखादा मुलगा सहज सांगतो की घरी आठवणही येत नाही. दुसरा थोडा वेळ गप्प राहतो आणि मग सांगतो की पहिल्या रात्रीपासून झोप लागत नाही, चिडचिड होते, जेवण जात नाही आणि काही तरी निमित्त काढून चौथ्या दिवशी तो वसतिगृहावर परततो. या दोघांकडे ६० ग्रॅमच सापडलेले असू शकते आणि कलमेही तीच लागलेली असू शकतात. तरी ६४-अ फक्त दुसऱ्यासाठी आहे.

आपल्या कायद्यातला विरोधाभास इथे आहे आणि तो मला खटकतो. पहिल्यांदाच किंवा कधीमधी ओढणाऱ्याला खटल्याबाहेर काढणे खरे तर अधिक सोपे आणि समाजाच्या दृष्टीने अधिक स्वस्त आहे, पण त्याच्यासाठी कायद्याने असा स्वतंत्र मार्ग ठेवलेलाच नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातील फ्लिंट शहरात १९६५ पासून आणि न्यूयॉर्कमध्ये न्यायव्यवस्थेतील सुधारणांसाठी काम करणाऱ्या व्हेरा संस्थेच्या पुढाकाराने १९६७ च्या सुमारास जे प्रयोग सुरू झाले, त्यांचा रोख मुख्यतः किरकोळ गुन्ह्यांतील नवख्या आरोपींवर होता. आरोपीची स्वेच्छेने तपासणी करायची, त्याला समुपदेशन, काम किंवा प्रशिक्षण यांच्याशी जोडायचे आणि ठरलेल्या मुदतीत त्याने ते पार पाडले की आरोप मागे घ्यायचा, अशी ती पद्धत होती. १९८९ मध्ये मायामीत अमली पदार्थांच्या प्रकरणांसाठी स्वतंत्र उपचार न्यायालय सुरू झाले आणि तेव्हा ही कल्पना व्यसनाधीनांपर्यंत पोहोचली. आपण मात्र दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली आणि तिथेच थांबलो. दुसरी उणीव अधिक व्यावहारिक आहे. आपल्याकडे अटकेनंतर आरोपीला कोणी भेटून ‘तुला उपचार हवा आहे का, कायद्याने तो मार्ग आहे’ असे सांगणारी यंत्रणा नाही. ते काम वकिलाने करायचे असते, आणि वकिलाची भेट होते तेव्हा सगळ्यांना घाई जामिनाची असते. २०२० मध्ये एका गाजलेल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने या कायद्याखालील सर्वच गुन्हे अजामीनपात्र असल्याचे म्हटल्यापासून अल्प मात्रेच्या प्रकरणातही पहिले काही दिवस याच धावपळीत जातात. उपचाराचा विषय त्यानंतर निघतो, आणि पुष्कळदा निघतही नाही.

आता नातेवाइकांनी सुचवलेल्या दाखल्याविषयी. मुलगा व्यसनाधीन नसताना तसा दाखला मिळवून देणारी माणसे सापडतात, हे मी नाकारत नाही. पण असा दाखला न्यायालयात दाखल करणे म्हणजे खोटा पुरावा देणे होय, आणि ते उघडकीस आले तर मूळ किरकोळ प्रकरणाच्या जागी एक गंभीर प्रकरण उभे राहते. उघडकीस आले नाही तरी निदान कागदावर कायम राहते. परदेशी व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत, विमा घेताना, काही नोकऱ्यांच्या आरोग्य चाचणीत व्यसनाधीनतेचा पूर्वेतिहास विचारला जातो. अमेरिकेत तर व्यसनाधीनता हे प्रवेश नाकारण्याचे स्वतंत्र वैद्यकीय कारण आहे. आजार असेल तर ते निदान स्वीकारून उपचार घेण्यात शहाणपण आहे, पण नसलेला आजार अंगाला लावून घेण्यात नाही.

तपासणीत अवलंबित्व खरोखर आढळले असे धरून पुढचे लिहितो. संस्था निवडताना पहिली अट मान्यतेची. जिल्हा रुग्णालय, पुण्यात ससून, मुंबईत महापालिकेचे केईएम यांसारख्या शासकीय किंवा पालिकेच्या रुग्णालयांबाबत वाद उद्भवत नाही. स्वयंसेवी संस्थांपैकी पुण्याच्या मुक्तांगणसारख्या १९८६ पासून काम करणाऱ्या संस्था आपल्याला नावाने माहीत असतात, तरीही कोणत्याही संस्थेत दाखल होण्यापूर्वी शासनाच्या मान्यतेच्या पत्राची आणि मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ खालील नोंदणीची प्रत मागून घ्यावी. नामांकित संस्थेलाही ती देण्यात काही वाटत नाही. जवळचे केंद्र शोधायला केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाचा १४४४६ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. एका प्रकरणात आरोपीने खासगी केंद्रात काही महिने प्रामाणिकपणे काढले आणि एका ओळीचे पत्र आणले : ‘सदर इसम आमच्या केंद्रात दाखल होता व आता पूर्णपणे बरा झाला आहे.’ दंडाधिकाऱ्यांनी कागद उलटून पाहिला आणि मान्यता कोणाची, निदान कोणी केले, उपचार काय दिला, असे तीन प्रश्न विचारले. एकाचेही उत्तर कागदावर नव्हते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. न्यायालयाला उपयोगी पडणाऱ्या अहवालात मनोविकारतज्ज्ञाचे नाव व नोंदणी क्रमांक, निदान आणि त्याचा आधार, उपचाराची आखणी, प्रत्येक भेटीची तारीख, लघवी तपासणीचे निष्कर्ष आणि पुढील देखरेखीचा कालावधी असायला हवा.

दाखल व्हावेच लागते, असा एक गैरसमज आहे. कलमात उपचार घेणे अपेक्षित आहे, खाटेवर राहणे नाही. गांजाच्या अवलंबित्वात थांबवल्यानंतरचा त्रास, म्हणजे झोप न येणे, अस्वस्थता, भूक मंदावणे, हा साधारण पहिल्या आठवड्यात जास्त असतो आणि बहुतेकांत दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. उपचाराचा मुख्य भाग समुपदेशनाचा असतो आणि तो बाह्यरुग्ण म्हणून, कॉलेज चालू ठेवूनही होऊ शकतो. दाखल करायचे की नाही हे डॉक्टरांनी ठरवावे. वकिलाने किंवा वडिलांनी ते ठरवू नये. मुलाला न सांगता गाडीत घालून नेणारी केंद्रे तर पूर्णपणे टाळावीत, कारण अशा उपचाराला स्वेच्छेचा उपचार म्हणता येत नाही आणि सरकारी वकील नेमके तिथेच बोट ठेवतात. अर्ज मुलाच्या सहीचा असावा आणि त्यासोबत त्याचे प्रतिज्ञापत्र असावे. त्यात उपचार काय आहे, किती काळ चालेल, तो अर्धवट सोडल्यास खटला पुन्हा चालू होईल, हे सर्व समजून घेऊन आपण तो पत्करत आहोत, हे त्याने स्वतःच्या शब्दांत लिहावे. मी अशी प्रतिज्ञापत्रे आरोपीकडून मराठीत आणि त्याच्याच भाषेत लिहून घेतो. ठरावीक साच्यातल्या चार ओळींपेक्षा त्यांचा परिणाम वेगळा होतो.

अर्ज कधी करावा? शक्य तितक्या लवकर, पण मूल्यमापनाचा अहवाल हातात आल्यावर आणि उपचार प्रत्यक्ष सुरू झाल्यावर. अर्जावर सरकारी पक्षाचे म्हणणे मागवले जाते. सरकारी वकील बहुतेक वेळा विरोधाचा शेरा मारतात, त्याने घाबरून जाऊ नये. न्यायालयाने उपचारासाठी मुदत देऊन कामकाज तहकूब ठेवावे, मधल्या काळात ठरावीक अंतराने अहवाल मागवावा आणि उपचार पूर्ण झाल्याचा अहवाल आल्यावर संरक्षणाचा आदेश करून कामकाज संपवावे, अशी टप्प्याटप्प्याची मागणी अर्जातच करावी. आदेशात कोणत्या कलमांबाबत संरक्षण दिले आहे ते स्पष्ट नमूद झाले पाहिजे. २०(ब) राहून गेले आणि फक्त २७ लिहिले गेले, तर पुढे नसता घोळ होतो.

अर्जाच्या मजकुराबाबत एक सावधगिरी सांगतो, कारण तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात खटल्यापूर्वीच्या तपासणीत आरोपीने अधिकाऱ्याला दिलेली माहिती त्याचा अपराध सिद्ध करायला वापरता येत नाही, असे स्पष्ट बंधन आहे. आपल्या ६४-अ मध्ये असे काही लिहिलेले नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात येत नाही, आणि या कायद्याच्या कलम ६७ खाली अधिकाऱ्यांनी घेतलेले जबाबही कबुलीजबाब म्हणून वापरता येत नाहीत हे तुफानसिंग प्रकरणात २०२० मध्ये ठरले. पण डॉक्टर पोलीस नव्हेत, आणि न्यायालयात स्वतः दाखल केलेला अर्ज तर आपलाच असतो. म्हणून अर्जात व्यसनाधीनता आणि उपचाराची इच्छा एवढेच मांडावे, जप्तीबाबतचे सर्व बचाव राखून ठेवून हा अर्ज करत आहोत असे स्पष्ट वाक्य घालावे आणि त्या दिवशी टेकडीवर काय घडले याचे वर्णन करू नये. डॉक्टरांशी सेवनाच्या सवयीविषयी मोकळेपणाने आणि खरे बोलावे, त्यावाचून उपचार होणार नाही. माल कोणाकडून घेतला, कितीला घेतला, याची डॉक्टरांना गरज नसते आणि चांगले डॉक्टर ते विचारतही नाहीत.

उपचार पूर्ण होणे म्हणजे नेमके काय, हे कायद्याने सांगितलेले नाही. घसरण हा या आजाराचाच भाग आहे. एखाद्या महिन्यात लघवीच्या तपासणीत पुन्हा गांजाचे अंश सापडले की संरक्षण गेले, असे परंतुकातून निघत नाही. उपचार सोडून देणे आणि उपचार चालू असताना घसरणे या भिन्न गोष्टी आहेत. तरी तोंडी युक्तिवादावर विसंबू नये. उपचाराच्या आखणीतच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे की, घसरण झाल्यास भेटी वाढवल्या जातील आणि ठरलेल्या कालावधीत सर्व भेटींना उपस्थित राहणे व अखेरच्या टप्प्यात सेवनमुक्त असणे म्हणजे उपचार पूर्ण झाला असे मानले जाईल. मग अधल्यामधल्या एका अहवालावरून गडबड उडत नाही.

वेळ किती लागेल, याबाबत आपण अंदाज विचारला आहे. उपचाराला काही महिने पुरतात, न्यायालयाला किती लागतील ते मी सांगू शकत नाही. २००१ मध्ये मुंबईत कोकेनच्या प्रकरणात पकडल्या गेलेल्या एका हिंदी चित्रपट अभिनेत्याला कलम ६४-अ खालील संरक्षण विशेष न्यायालयाकडून २०१२ मध्ये मिळाले. ते टोकाचे उदाहरण आहे, सामान्य प्रकरणे इतकी रेंगाळत नाहीत. पण तोपर्यंत प्रकरण प्रलंबित असते आणि प्रलंबित प्रकरणाचेही परिणाम असतात. पासपोर्टसाठी २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार न्यायालयाची परवानगी आणावी लागते. ती मिळते, मात्र अर्ज आधीपासून करावा.

आता तपासणीत अवलंबित्व नाही असे निघाले तर? मला आपल्या पत्रावरून तीच शक्यता अधिक वाटते, पण माझ्या वाटण्याला इथे किंमत नाही. तसे असेल तर मुलाने खटला नेटाने लढवावा. कायद्यात गांजा म्हणजे भांगेच्या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे, शेंड्यांविना असलेली नुसती पाने आणि बिया त्यात मोडत नाहीत. त्यामुळे रासायनिक विश्लेषणाचा अहवाल, नमुने कसे काढले, मुद्देमाल मोहोरबंद होता का, झडतीचे पंच कोण होते, हे सगळे तपासण्यासारखे असते. कलम २७ साठी सेवन सिद्ध व्हावे लागते, आणि वैद्यकीय नमुने घेतलेलेच नसतील तर तो आरोप डळमळतो. शेवटी दोष सिद्ध झालाच तर कोणत्या कलमाखाली, याला मोठे महत्त्व आहे. कलम ३३ मुळे १८ वर्षांवरील व्यक्तीला अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ चा, म्हणजे शिक्षेऐवजी समज देऊन किंवा बंधपत्रावर सोडण्याच्या कायद्याचा, लाभ या कायद्यातील फक्त कलम २६ आणि २७ च्या गुन्ह्यांत मिळू शकतो. म्हणजे बाळगण्याच्या कलम २०(ब) मधून निर्दोष सुटून केवळ सेवनाच्या कलम २७ खाली दोषी ठरलेल्या मुलाला न्यायालय समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते, आणि परिवीक्षा कायद्याच्या कलम १२ नुसार त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्याला चिकटत नाही. आपल्या वकिलांनी युक्तिवाद या दिशेने बांधावा.

१७ वर्षांच्या मित्राचा मार्ग निराळा आणि पुष्कळ सुकर आहे. त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालेल. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेला गुन्हा बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये किरकोळ वर्गात मोडतो, त्याची चौकशी चार महिन्यांत, वाढीव मुदत धरून सहा महिन्यांत संपली नाही तर ती बंद करावी लागते, आणि न्यायालयीन कारवाईविना मार्ग काढण्याचे तत्त्व त्या कायद्याने कलम ३ मध्ये मान्यच केले आहे. त्याच्या पालकांनी वयाचा पुरावा, म्हणजे शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, लगेच सादर करावा. त्याला आपल्या मुलाबरोबर दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले जात असेल तर तो हरकतीचा मुद्दा आहे.

आपल्या मुलाची पुढची तारीख जवळ आहे असे दिसते. त्या दिवशी वकिलांनी दोषारोपपत्राच्या आणि रासायनिक विश्लेषण अहवालाच्या नकला पूर्ण मिळाल्याची खात्री करावी आणि वैद्यकीय मूल्यमापनासाठी मुदत मागावी. गुन्ह्याचा तपशील वाचून विचारणा झालीच तर मुलाने ‘कबूल नाही’ एवढेच उत्तर द्यावे. असे उत्तर दिल्याने पुढे ६४-अ चा अर्ज करण्याचा हक्क जात नाही. मूल्यमापनाच्या वेळी आपण डॉक्टरांच्या खोलीत बसण्याचा आग्रह धरू नये, मुलाला एकट्याने बोलू द्यावे. अहवाल आला की पंचनाम्याची प्रत, जामिनाचा आदेश आणि तो अहवाल सोबत ठेवून वकिलांशी बसावे, आणि अर्ज करायचा की खटला लढवायचा हे तेव्हा मुलाने ठरवावे.